कऱ्हाडचा ऱ

कऱ्हाडच्या ‘ऱ’ची आणि माझी ओळख झाली ती तो जागेवर नसताना.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या व्यापाऱ्यांची एक डिरेक्टरी काढायची होती. छापील पुस्तक काढायचं आणि तीच माहिती संगणकावर शोधता यावी म्हणून डेटाबेसातही भरायची. काम देणाऱ्यांच्या मते यादी ‘तयारच’ होती. म्हणजे थोडी एक्सेलमध्ये, थोडी एका डीटीपीवाल्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर, थोडी व्हॉट्सॲपच्या मेसेजांत आणि उरलेली रबरबँड लावलेल्या व्हिजिटिंग कार्डांच्या गठ्ठ्यात. कार्डं टाइप करायला एक ताई होत्या. मी स्क्रिप्ट लिहिली: ओळ उचलायची, तिचे नाव, धंदा, पेठ, गाव, तालुका, फोन असे तुकडे पाडायचे आणि एकेक तुकडा ज्याच्या त्याच्या खणात नेऊन ठेवायचा. रात्री ती चालू करून झोपलो. सकाळी बघतो तर पहिल्या खेपेच्या सगळ्या ओळी आत, एकही तक्रार नाही. पहिलं प्रूफ काढून मी सांगलीला मार्केट यार्डात एका हळदीच्या पेढीवर दाखवायला नेलं. पेढीवरचे काका मूळचे कऱ्हाडकडचे. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पान नाकाजवळ धरलं आणि म्हणाले, “आवो साहेब, आमच्या गावाला ह्यो रफार कवा मारला?”

पानावर छापलं होतं: कर्हाड.

टायपिंगची चूक असेल, असं मी पुटपुटलो.

“एका जागी असंल तर चूक म्हनू. हितं आख्खं पान तसंच हाय की. आन् ह्ये बघा, वर मथळ्यातच ‘व्यापार्यांची’. ह्ये कसं वाचायचं ते तरी सांगा.”

वाचून बघितलं. वाचता येत नव्हतं. जीभ ‘आर्या’च्या वाटेनं निघाली आणि अर्ध्यात अडखळली.

त्या दिवसापासून मी त्याच्याकडे नीट बघायला लागलो. दिसायला तो किरकोळच. पुढच्या अक्षराला डावीकडून चिकटलेली, जराशी खाली कललेली एक चंद्रकोर. र जोडायच्या ज्या तऱ्हा शाळेत शिकवतात, त्यांत रफार डोक्यावर फेट्यासारखा बसतो, ‘चंद्र’मधली तिरपी रेघ पायात काठी घालते, ‘राष्ट्र’मधला र खाली छोटं छप्पर घालून राहतो. या तिघांना वर्गात मान होता. चौथा हा. आमच्या बाई त्याला नाव न घेता ‘पुऱ्यांमधला र’ म्हणायच्या. लग्न होऊन आलेल्या बाईला ‘अमक्याची बायको’ म्हणून ओळखावं तसं.

त्याचा स्वभाव मऊ. तो मागच्या अक्षरावर आघात करत नाही. ‘सूर्य’ म्हणताना ‘सू’ला धक्का बसतो, ‘सुऱ्या’ म्हणताना ‘सु’ला कळतही नाही की पुढे जोडाक्षर आहे. म्हणून मात्रा मोजताना ‘तऱ्हा’तला त लघुच राहतो. एकटा तो कधी दिसणार नाही. त्याला य तरी लागतो नाहीतर ह. पण त्याच्यावाचून मराठीचा एक दिवस जात नाही. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे पाटण-जावळीकडे जिकडे तिकडे दिसतात त्या. आचार्यांना नमस्कार करायचा असतो आणि आचाऱ्यांना जेवणाची ऑर्डर द्यायची असते. मराठीत विक्षिप्त माणसाला तऱ्हेवाईक म्हणतात, त्या शब्दातही हाच बसलाय.

आणि या दोन जिल्ह्यांत तर त्याचं ठाणंच आहे. ‘सातारा’ लिहा, तो दिसत नाही. पण नुसतं सातारा म्हणून काय होतंय? माणूस साताऱ्याला जातो, साताऱ्यात राहतो, साताऱ्याचे कंदी पेढे घेऊन येतो. विभक्तीचा प्रत्यय लागला की हा दारात हजर. सांगलीला प्रत्यय लावून तो येत नाही, म्हणून तिथं मागच्या दारानं शिरतो: शेतकऱ्यांचा माल, व्यापाऱ्यांची पेठ, गुऱ्हाळावरचा गूळ. कऱ्हाडात तर तो गावाच्या नावात मधोमध राहतो. असल्या मुलखाची डिरेक्टरी आणि तीत हाच गायब.

चूक शोधायला बसलो तेव्हा पहिला संशय फाँटवर घेतला. फाँट बदलला, रफार तसाच. मग ताईंनी एक गोष्ट दाखवली. “दादा, गावांच्या यादीत कऱ्हाड तीनदा येतंय बघा. आणि तिन्ही सारखीच दिसतायत.” त्या माझ्या मूळ फाइली बघत होत्या, स्क्रिप्टच्या तावडीत सापडायच्या आधीच्या. खरंच, एकाखाली एक तीन कऱ्हाड. स्क्रीनला नाक लावून बघितलं, काडीचा फरक नाही. संगणक मात्र म्हणत होता की ही तीन वेगळी गावं आहेत.

तेव्हा त्याचं खरं बिऱ्हाड कळलं. (बिऱ्हाड! इथंही तोच.) युनिकोडमध्ये जगातल्या प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. साध्या र चा क्रमांक ०९३०. त्याच्याशेजारी ०९३१ वर ‘ऱ’. पण ही जागा त्याच्या नावावर नाही. युनिकोडची देवनागरी ज्या ‘इस्की’ या भारतीय प्रमाणावरून बेतली, तिथूनच हे आलेलं: हे अक्षर मुळात द्राविडी भाषांतला एक वेगळा र देवनागरीत उतरवता यावा म्हणून ठेवलेलं आहे. मराठीतली चंद्रकोर म्हणजे त्याचं अर्धं रूप, अशी एक ओळ खाली टीप म्हणून. इंग्रजीत तिला पापणी म्हणतात. सातबारा दुसऱ्याच्या नावावर आणि आपण कूळ म्हणून कसतोय, असा हा मामला. हिंदीला या चंद्रकोरीची गरज पडत नाही. नेपाळीला पडते, पण नेपाळ लांब. त्यामुळे हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या कैक साधनांत त्याची आठवण कुणाला राहत नाही.

कूळ म्हटल्यावर वहिवाटीचे वाद आलेच. त्याला लिहायच्या तीन वाटा आहेत. पहिली सरळ: ०९३१ आणि त्याला हलन्त, म्हणजे पाय मोडायची खूण. दुसरी: साधा र, खाली नुक्त्याचं टिंब, मग हलन्त. तिसरी जुनी आणि अजून भरपूर वापरातली: साधा र, हलन्त, आणि मागोमाग एक अदृश्य चिन्ह, क्रमांक २००डी. याला स्वतःची रुंदी नाही, आकार नाही. हे फक्त आधीच्या अक्षराला सांगतं की ‘पुढच्याच्या डोक्यावर चढू नकोस, बाजूला चंद्रकोर होऊन बस’. तिन्ही वाटांनी आलेला ऱ पडद्यावर तोच दिसतो. बाइट मोजले की बिंग फुटतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. पहिल्या वाटेचं कऱ्हाड सहा चिन्हांचं, १८ बाइट. दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेचं सात चिन्हांचं, २१ बाइट. एका जुन्या तक्त्यात गावाच्या नावाला २० बाइटांचीच जागा ठेवलेली होती. तिथं पहिलं कऱ्हाड सुखानं बसलं आणि बाकीच्या दोघांचा ड एका बाइटासाठी कापला गेला. त्याजागी काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह. तीन गावकरी एकाच एसटीत चढले आणि दोघांचा पाय दारात अडकला.

आता माझा गुन्हा सांगतो. एक्सेलमधून, व्हॉट्सॲपमधून मजकूर आणला की त्याच्याबरोबर न दिसणारा केरकचरा येतो: चुकीच्या स्पेस, टॅब, ओळ मोडणारी चिन्हं. प्रोग्रॅम लिहिणारा माणूस सवयीनं पहिल्याच ओळीत झाडू मारतो. मीही मारला. ‘सर्व अदृश्य चिन्हं काढून टाका’, ही ती ओळ. तिनं २००डीदेखील झाडून नेलं. ज्यांनी तिसऱ्या वाटेनं टाइप केलं होतं त्यांच्या र ला ‘बाजूला बस’ म्हणून सांगणारं कोणी उरलं नाही आणि तो नेहमीच्या सवयीनं य नाहीतर ह च्या डोक्यावर जाऊन बसला. कऱ्हाडचं कर्हाड, गुऱ्हाळाचं गुर्हाळ, साताऱ्याचं सातार्याचं. स्क्रिप्ट बंद पडली नाही, लाल अक्षरात काही आलं नाही. आत गेलेल्या ओळींचा आकडाही बरोबर होता. या कामात बोंब मारणारी चूक परवडते. ही गुपचूप होती.

रफारवाल्या पानाच्या आधी या ऱ नं मला एकदा वेगळ्या वेषातही दर्शन दिलं होतं, तेव्हा मी ओळखलं नव्हतं. एका फाइलीतला मराठी मजकूर स्क्रिप्टनं युरोपातल्या जुन्या रोमन संचाचा समजून वाचला होता. असं झालं की देवनागरीच्या प्रत्येक अक्षराची तीन तीन शकलं होतात. पहिलं शकल म्हणजे डोक्यावर तिरपी रेघ घेतलेला रोमन ए, दुसरं चलनाचं चिन्ह, तिसरं ज्याचं त्याचं. र च्या वाट्याला तापमान लिहायचं अंशाचं चिन्ह येतं. ऱ च्या वाट्याला अधिक-उणे. आणि हलन्ताच्या पोटातून चक्क जपानी येन निघतो. कऱ्हाडच्या जागी कुठं अंश, कुठं अधिक-उणे आणि येन बघून मला वाटलं होतं की कुठल्या तरी औषध कंपनीची फाइल चुकून आली. अशी मोडतोड निदान डोळ्यात भरते. सगळीकडे यूटीएफ-८ असं एकदा बजावून सांगितलं, फाइल उघडताना, डेटाबेसाशी बोलताना आणि तक्ता तयार करताना, तिन्ही ठिकाणी, की ती थांबते. दोन ठिकाणी सांगून तिसरं विसरलं तर थांबत नाही.

त्याच्या मानानं पुढच्या फाइलींत भेटलेले त्याचे सोबती फार धसमुसळे. त्यांतला पुंड म्हणजे एकेरी अवतरणचिन्ह. मराठी माणूस आयुष्यभराची पुंजी घालून बंगला बांधतो, त्याला ‘मातृछाया’ नाहीतर ‘श्रमसाफल्य’ नाव देतो आणि पत्त्यात ते नाव लिहिताना दोन्ही बाजूंना न चुकता एकेक अवतरणचिन्ह उभं करतो. गेटाचे दोन खांबच ते. आता डेटाबेसाच्या भाषेत, एसक्यूएलमध्ये, मजकूर कुठं सुरू झाला आणि कुठं संपला हे सांगायलाही हेच चिन्ह वापरतात. स्क्रिप्टनं पत्ता जसाच्या तसा आदेशात चिकटवला की संगणक बंगल्याचा पहिला खांब बघून म्हणतो, मजकूर संपला. पुढचं ‘मातृछाया’ त्याला हुकूम वाटतो. असला हुकूम त्याला ठाऊक नसतो, म्हणून तो आडवा पडतो. साताऱ्याच्या एका कॉलनीत ओळीनं सगळे नावाचे बंगले होते. तिथं माझी स्क्रिप्ट दर घराशी ठेचकाळली.

हे निदान प्रामाणिक बंगलेवाले. याच वाटेनं खोडसाळ माणूस खराखुरा हुकूम आत घुसवू शकतो. मुलाच्या नावातच ‘विद्यार्थ्यांचा तक्ता पुसून टाका’ असा आदेश लपवणारी आई ‘एक्सकेसीडी’ या व्यंगचित्रमालेत २००७ साली आली आणि प्रोग्रॅमिंगवाल्यांच्या बोलण्यात कायमची राहिली.

डीटीपीवाल्याच्या फाइलीत तर पुंडाची अख्खी फौज निघाली. ती फाइल कृतिदेव फाँटमधली होती आणि त्यातही शिराळा तालुक्याची. युनिकोडच्या आधीचे हे फाँट म्हणजे सोंगं होती. आत रोमन अक्षरं आणि चिन्हंच असायची, वर फक्त देवनागरीचा मुखवटा. कृतिदेवात श काढायचा तर आधी एकेरी अवतरणचिन्हाची कळ दाबायची आणि मग के ची. ष काढायला दुहेरी अवतरणचिन्ह आणि के. म्हणजे फाँटचा मुखवटा काढला की शिराळ्याच्या पहिल्याच अक्षरात अवतरणचिन्ह. शिंद्यांच्या नावात अवतरणचिन्ह. देशमुख, शेटे, जोशी, सगळ्यांच्या पोटात एकेक. दोन्ही जिल्ह्यांतून वाहणारी कृष्णा लिहायची तर बॅकटिक, दुहेरी अवतरणचिन्ह आणि पूर्णविराम असं सगळं लागतं. बत्तीस शिराळ्याची नागपंचमी सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे; मला तिथं पहिल्याच ओळीत डंख बसला.

कृतिदेवचं युनिकोड करून घेणं हे वेगळं काम. अक्षराच्या आधी शिरलेली वेलांटी उचलून जागेवर नेणं, रफार ओळखून मागे ढकलणं, ते सगळं एकदा केलं की संपतं. त्यात मी इथं शिरत नाही.

दुसरा सोबती गावंढळ पण गरीब. कऱ्हाड तालुक्यात रेठरे बुद्रुक आणि रेठरे खुर्द अशी दोन गावं आहेत. बुद्रुक म्हणजे थोरलं, खुर्द म्हणजे धाकटं, दोन्ही शब्द फारसीतून आलेले. सरकारी कागदावर पूर्ण लिहायचा कंटाळा म्हणून बु आणि खु, आणि पुढे दोन उभ्या रेघा. लिहिणाऱ्यानं खरा दुहेरी दंड वापरला तर बरं. पण कीबोर्डवर तो पटकन सापडत नाही, म्हणून लोक पाइपचं चिन्ह दोनदा मारतात. माझी एक फाइल नेमकी पाइपनं रकाने पाडलेली होती. झालं, रेठऱ्याच्या (बघा, प्रत्यय लागला की आलाच) बु पाशी ओळ तुटायची, तालुक्याच्या आणि फोनच्या रकान्यात काहीच नाही आणि त्यांच्याही पलीकडे ‘कऱ्हाड’. साखर कारखाना असलेल्या एवढ्या मोठ्या गावाला आमच्या डिरेक्टरीत दोन दिवस फोन नव्हता.

या सगळ्या पुंडांवर लोकांनी नाना तऱ्हेचे इलाज केले. अवतरणचिन्ह दिसलं की एकाचे दोन करायचे, किंवा त्याच्या पुढ्यात उलटी तिरपी रेघ टाकायची. पीएचपी या भाषेत तर हे आपोआप करणारी सोय होती, ‘जादूची अवतरणं’ अशा अर्थाच्या नावाची. ती कुठं एकदा, कुठं दोनदा जादू करायची आणि पत्त्यांमध्ये उलट्या रेघांची लावणी व्हायची. २०१२ साली ती काढूनच टाकली. माझ्या मते चांगलं केलं. खरा इलाज साधा आहे. बँकेचं चलन आठवा. छापील मजकूर आधी ठरलेला, आणि तुम्ही भरायच्या जागा मोकळ्या. त्या मोकळ्या जागेत तुम्ही काहीही लिहा, अगदी ‘बँक बंद करा’ असं लिहा, कारकून ते खातेदाराचं नाव म्हणूनच वाचतो. डेटाबेसालाही आधी मोकळ्या जागा ठेवलेला आदेश द्यायचा, प्रत्येक जागेवर एक प्रश्नचिन्ह, आणि नाव-पत्ते मागाहून वेगळे हातात द्यायचे. मग बंगल्याचे खांब शाबूत राहतात आणि चिन्हांच्या मागे काठी घेऊन धावायला लागत नाही. मी हे केलं त्या संध्याकाळी साताऱ्याची कॉलनी एका दमात आत गेली.

पण ऱ तेवढ्यानं येत नाही. त्याला कोणी अडवलेलंच नसतं. तो आत येतो, फक्त तीन वेगवेगळ्या नावांनी. त्याच्यासाठी दोन कामं करावी लागली. युनिकोडमध्ये मजकूर एकसारखा करून घ्यायची एक ठरलेली रीत आहे. तिनं नुक्तावाला ऱ आपोआप पहिल्या वाटेवर येतो, कारण ती दोन्ही रूपं एकच आहेत हे युनिकोडला मान्य आहे. अदृश्य चिन्हवाला मात्र या रितीला दाद देत नाही. त्याच्यासाठी हातानं नियम लिहिला: र, हलन्त, २००डी आणि पुढे य किंवा ह दिसला, तर ०९३१ आणि हलन्त कर. हे झाल्यावर झाडू मारायचा, आधी नाही. तोही बघून, कारण अदृश्य चिन्हांमध्ये ‘वाङ्‌मय’चा पाय मोडलेला दाखवणारं भावंडही असतं. चार ओळींचा नियम. तो सुचायला मार्केट यार्डात जाऊन बोलणी खावी लागली.

मग खरा वाद सुरू झाला, आणि तो संगणकाचा नव्हता. ताईंनी विचारलं, “दादा, पण गावाचं नाव नक्की काय? स्टेशनवर तर कराड लिहिलंय.”

खरं होतं. रेल्वे, तालुका, नगरपरिषद, सगळीकडे कराड. वर्तमानपत्रांत कुठं कराड, कुठं कऱ्हाड. गावातली माणसं दोन्ही म्हणतात, आणि कुठलं बरोबर यावर चहाच्या दोन फेऱ्या होऊ शकतात. जुनं नाव करहाटक. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा दहाव्या शतकातला कऱ्हाडचा ताम्रपट इतिहासवाल्यांना माहीत आहे. करहाटकात र आणि ह शेजारी शेजारी, पण सुटे राहत होते. बोलता बोलता मधला अ झिजला, र ह ला टेकला आणि टेकताना त्यानं चंद्रकोरीचं रूप घेतलं. कराडात ह गेला, मग टेकायलाच कोणी राहिलं नाही. कराड चुकीचं नाही. पण माझं मत विचाराल तर कऱ्हाड. कऱ्हाडकर, कऱ्हाडे ही नावं कुठून आली हे त्यात अजून दिसतं.

मत मत म्हणून ठेवलं आणि डेटाबेसात दोन्ही ठेवली. गावाची खरी ओळख आकड्यानं: २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा आकडी क्रमांक दिलेला आहे. नाव बदलतं, लिहायची पद्धत बदलते, गावाचा जिल्हासुद्धा बदलतो. यशवंतराव चव्हाण १९१३ साली देवराष्ट्रे गावी जन्मले तेव्हा ते सातारा जिल्ह्यात होतं. १९४९ साली जिल्हा फुटून दक्षिण सातारा झाला, १९६० साली त्याचं नाव सांगली पडलं. देवराष्ट्रे जागचं हललं नाही आणि सांगली जिल्ह्यात गेलं. यशवंतरावांची समाधी कऱ्हाडला, कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर, म्हणजे साताऱ्यात. एकाच माणसाचं जन्मगाव आणि समाधी शोधायला आमच्या डिरेक्टरीत दोन जिल्हे उघडावे लागतात. म्हणून क्रमांकाच्या बाजूला छापायचं नाव एक रकाना, इतर नावं दुसरा. कराड टाका, कऱ्हाड टाका, घाईत रफार मारून कर्हाड टाका, उत्तर एकच येतं. छापताना मात्र चंद्रकोर.

दुसरं प्रूफ घेऊन मी पुन्हा हळदीच्या पेढीवर गेलो. काकांनी पान घेतलं, पुन्हा नाकाशी नेलं. बोट फिरवत फिरवत खाली आले. एका जागी थांबले, माझ्या पोटात गोळा. पण ते नुसतं आपल्या पुतण्याच्या दुकानाचा फोन तपासत होते.

“हां,” म्हणाले, “आता गाव घरी आलं.”

तुमच्या हातात गावांची, माणसांची, दुकानांची अशी कुठलीही यादी असेल आणि ती संगणकात भरायची असेल, तर भरायच्या आधी त्यात कऱ्हाड, गुऱ्हाळ नाहीतर साताऱ्याचा असा एक शब्द तिन्ही वाटांनी मुद्दाम टाकून बघा. आणि छापखान्यात द्यायच्या आधी पहिलं पान त्या गावच्या एखाद्या माणसाला मोठ्यानं वाचायला सांगा. तो अडखळला तर छपाई थांबवा.